कोंडाबाईंच्या नावाची चटणी

ही हकिगत लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी पाठीचं. आता वय असं झालंय की निमित्तंसुद्धा थकली. तेव्हा सांगून टाकतो. आमच्या तासगाव तालुक्यातच काय, कृष्णेच्या दोन्ही काठांवर सरकारी नियमावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त फौजी हवालदार. मी स्वतः पंचायत समितीत छत्तीस वर्षं कारकुनी केली. पण कारकुनाचं नियमाशी नातं हलवायाचं पेढ्याशी असतं तसं. रोज विकायचे, खायची इच्छा होत नाही. हवालदार मात्र नियम चवीनं खात.

पलटणीत ते लंगरात होते, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. बावीस वर्षं जवानांना जेवू घालून ते गावी आले ते अर्धं लंगर डोक्यात घेऊनच. त्यांच्याकडे चहा चार वाजता म्हणजे चार वाजता. पाच मिनिटं उशिरा आलेल्या पाहुण्याला पाणी मिळे, आणि चहा का नाही याचं सविस्तर कारण मिळे. डोक्यावर एक केस शिल्लक नव्हता, तरी स्वयंपाकघरात शिरताना टोपी. मिशा मात्र भरघोस, म्हणून मिशांसाठी त्यांनी मलमलीची एक पिशवी स्वतः शिवली होती, दोन्ही कानांना नाड्या असलेली. ती लावून ते बोलू लागले की आत आणखी कुणीतरी माणूस बसवलाय असं वाटे. माशीला ते माशी म्हणत नसत, घुसखोर म्हणत. पुतणीच्या लग्नात जेवणाच्या मांडवात असा एक घुसखोर शिरला, तेव्हा तो हाती लागेपर्यंत त्यांनी भांड्यांवरची झाकणं काढू दिली नाहीत, आणि उपाशी पंगतीत खुद्द नवरदेवाचे मामा होते. फौजेत म्हणे जवानांपुढे ताट जाण्याआधी एक अंमलदार चव घेतो आणि वहीत सही करतो. हवालदारांच्या घरचा तो अंमलदार मी. काही नवं केलं की निरोप यायचा, मी त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर बसून चव घ्यायची आणि शेरा लिहायचा. एकदा मी नुसतं 'छान' लिहिलं, तर वही परत माझ्या पुढ्यात आली.

"छान म्हंजे काय, भाऊसाहेब? मीठ किती, तिखट किती, जीभ काय म्हणती ते लिवा. छान तर आमची मंडळी साडीलाबी म्हणती."

या सगळ्यात त्यांची खरी करामत म्हणजे कांदा-लसूण चटणी. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. पण हवालदारांच्या चटणीची गोष्टच वेगळी. ती रीत त्यांच्या आईची, कोंडाबाईंची. कोंडाबाईंनी जन्मभर एका मिरचीच्या वखारीत देठं खुडली. संध्याकाळी घरी आल्या की बोटांची आग शमवायला हात ताकात बुडवून बसत. वखारीच्या हजेरीत त्यांचं नाव कधी लागलं नाही. तिथं नुसतं 'बाया सात' असं लिहीत. हवालदारांनी हे मला एकदाच सांगितलं होतं, आणि तेव्हाच ठरवलंही होतं, की चटणी विकायची तर पाकिटावर आईचं पूर्ण नाव छापून विकायची. आईचं, वडलांचं, आडनावासकट.

गल्लीतले सगळे म्हणत की करा सुरू, इथं पापड-कुरडया विकणाऱ्यांना कोण विचारतंय. पण हवालदार कुठले ऐकायला. "बिगर नोंदणीची चटणी म्हंजे बिगर लायसनची बंदूक," असं म्हणून त्यांनी अन्न खात्याकडं नोंदणी करायचं ठरवलं आणि अर्ज भरायला माझ्याकडं आले, कारण नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी संगणकावर बोटं चालवायला शिकलो होतो. तो अर्ज तासाभराचा. आम्हाला दोन दिवस लागले. पाणी कुठलं वापरता, या प्रश्नाला त्यांनी बोअरचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला, नारळ हातावर धरून पाणी दाखवणाऱ्या म्हाताऱ्यासकट. स्वयंपाकघराची मापं त्यांनी कोनाड्यांसह टेपनं मोजून आणली होती. मिशांच्या पिशवीची नोंद करायला रकाना नाही म्हटल्यावर त्यांना सरकारचं मनापासून वाईट वाटलं.

व्यवसायाच्या नावाचा रकाना आला तेव्हा ते खुर्चीवरून उठले, सावधानमध्ये उभे राहिले आणि आईचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं. मी ते टंकलं. मग ते फोटो आणायला घरी गेले. अर्ज आणि मी, दोघंच उरलो.

त्यांचं आडनाव मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की आमच्याकडं आडनावावरून माणसाची गल्ली कळते, आणि गल्लीवरून बाकीचं सगळं. मी त्या नावाकडं बघत बसलो. मनात म्हटलं, या नावाची चटणी आपल्या बाजारात कोण घेणार? बिचाऱ्याचं नुकसान होईल. कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, तरी मी ते नाव खोडलं, तिथं 'अन्नपूर्णा गृहउद्योग' असं घातलं, ते फोटो घेऊन आल्यावर तो तेवढा जोडला, आणि त्यांना न दाखवता अर्ज पाठवून दिला. त्यांच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. पण लोक घेणार नाहीत म्हणताना त्या लोकांत पहिला मीच होतो. चव मी त्यांच्या ओट्यावर बसून घेत होतो, सह्या करत होतो. पण दर उन्हाळ्यात ते प्रेमानं पाठवत तो चटणीचा डबा आमच्या पडवीतल्या फळीवर राही. आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता.

पुढं सांगलीहून तपासणीला एक तरुण साहेब आले. हवालदारांनी त्यांना दारातच थांबवलं, साबण दिला, नखं बघितली आणि डोक्यावर टोपी चढवली. तपासणी मी करायची आहे की तुम्ही, असं साहेबांनी हसत विचारलं. "दोघं मिळून करू साहेब, येळ वाचंल," हवालदार म्हणाले. तासाभरानं खूश झालेल्या साहेबांनी भाकरीबरोबर थोडी चव बघू का म्हटलं, तर हवालदारांनी नम्रपणे नकार दिला. नोंदणी होईपर्यंत परक्या कुणाला देत नाही, तुम्हालाही नाही. साहेब गाडीत बसेपर्यंत हसत होते.

प्रमाणपत्र आलं. मी ते छापून घेऊन गेलो, तेव्हा हवालदार कोटावर पदकं लावून बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अन्नपूर्णा कोण?" त्यांनी विचारलं. भिंतीवर बुद्धांची एकच तसबीर होती, तिच्याकडं बघून म्हणाले, "आमच्या घरात या नावाचं कुणी न्हाई, भाऊसाहेब. भिंतीवरबी न्हाई."

मी म्हणालो, मशीननं घेतलं असेल. कधी कधी यादीतलं नाव उचलतं ते. छत्तीस वर्षांच्या कारकुनीत असं वाक्य जिभेवर आपोआप येतं. हवालदारांनी कागदाची नीट घडी केली. "मशीनला आई नसती," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या नावानं विकायची नाही, हे तर ठरलेलंच. चटणी तयार, पिशव्या आणलेल्या, आणि नाव दुरुस्त करून घ्यायला हवालदारांच्या सांगलीला एसटीनं खेपा सुरू. चार खेपा झाल्या. पायांना वातानं सूज होती, तरी बुटांना पॉलिश करून जात. मी एकदाही बरोबर गेलो नाही. तिसऱ्या खेपेनंतर माझ्याकडं आले, बूट सोडता सोडता म्हणाले, की तिथली बाई सांगत होती, अर्जात लिहितात तेच छापून येतं, आजोबा. एवढं सांगून त्यांनी माझ्याकडं न बघता चहा मागितला. मी आत जाऊन चहा करायला सांगितलं आणि बराच वेळ आतच थांबलो.

तो हंगाम असाच गेला. मग हवालदारांनी काय करावं? विकता येत नाही, पण द्यायला कुणाची बंदी, असं म्हणून सगळी चटणी डब्यांत भरली, प्रत्येक डब्यावर स्वतःच्या अक्षरात आईचं पूर्ण नाव लिहून चिकटवलं आणि आमच्या दोन्ही गल्ल्यांत घरोघरी स्वतः नेऊन दिली. दोन घरांनी घेतली नाही, हेही लिहायला हवं. बाकीच्यांनी घेतली. आणि महिनाभरात बायका रिकामे डबे घेऊन त्यांच्या दारात, आणखी आहे का विचारायला. माझी बायकोही त्यांत होती. तिनं फळीवरचा डबा कधी आत नेला, मला कळलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मुंग्या लागत होत्या. आणि तुमी कुठं वर्षानुवर्षं चटणी खाऊन तोंड पुसून येता, ते मला म्हाईत न्हाई व्हय?"

पुढच्या हंगामाच्या आत दुरुस्त प्रमाणपत्र आलं. आज ती चटणी सातारा, पुणे, पार बेळगावपर्यंत जाते. सगळा कारभार हवालदारांची सून बघते. पाकिटावर कोंडाबाईंचं नाव एवढं ठळक, की चष्म्याशिवाय मलाही वाचता येतं. देठं खुडायला सहाजणी येतात, आणि हवालदारांनी काढलेला नवा नियम असा, की ज्या बाईनं ज्या घाण्याची देठं खुडली तिचं नाव त्या घाण्याच्या पाकिटांमागं छापायचं. सरकार असं काही मागत नाही, हे मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "सरकारला सुचलं न्हाई. सुचंल."

नोंदणीचं नूतनीकरण असतं तेव्हा मला अजून बोलावतात. फरक एवढाच, की मी सांगायचं आणि टंकायचं सुनेनं. आणि पाठवण्याआधी हवालदार तिला म्हणतात, "शब्द न् शब्द मोठ्यानं वाच, पोरी." ती वाचते. ते डोळे मिटून ऐकतात. मी खाली बघतो.

मागच्या रविवारी मात्र ठरवून गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते, समोर लाल मिरच्या वाळत होत्या, बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. मी बसलो. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांनी माझ्या पाठीची केली. मग ते म्हणाले, "बोला भाऊसाहेब, कायतरी घिऊन आलाय." मी म्हणालो, काही नाही, ऊन बरं पडलंय यंदा. त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

मला म्हणायचं होतं ते असं: हवालदार, मशीन चुकलं नव्हतं. तुमच्या आईचं नाव मी खोडलं होतं. मला माफ करा.