नणंदबाई आणि मोहाखालची जाळी

माझ्या नणंदेला कुणी साधा प्रश्न विचारला आणि तो माणूस त्या दिवशी वेळेवर जेवला, असं ब्रह्मपुरीत आजवर घडलेलं नाही. त्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायच्या. माझ्या नवऱ्याहून धाकट्या, पण घरात माझ्यासकट सगळे त्यांना बाईच म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायचा धीर कुणाला झाला नाही. अकरावीच्या पोरांना पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. बाकीची पोरं तो दुकानातून आणतात, चार चित्रं चिकटवतात आणि चमकीच्या कागदात गुंडाळून देऊन मोकळी होतात. बाईंच्या टेबलावर अशी फाइल आली की ती उघडण्याआधीच त्या विचारीत, "हे कोणी विचारलं होतं तुले?" पहिल्या पानावर प्रश्न आणि त्याखाली तो ज्याला पडला त्या जिवंत जिवाचं नाव, हा त्यांचा नियम. एका बहाद्दरानं घाईघाईत "आमची म्हैस" असं लिहून दिलं. बाई त्याच संध्याकाळी म्हशीच्या भेटीला गेल्या आणि पोराला पुढचे चार महिने गल्लीतल्या गोठ्यांतलं शेण मोजत फिरावं लागलं.

माझ्या मुलाच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. पानात टाकलेला भात तोलायला त्यांनी पंगतीच्या टोकाला सहा पोरं काटा देऊन बसवली. विहीणबाईंना वाटलं, आपली माणसं किती खातात ते पाहताहेत. त्या रुसून खोलीत जाऊन बसल्या. मी बाईंना म्हटलं, आता तुम्हीच समजूत काढा. अर्ध्या तासानं पाहते तो काय, विहीणबाई पदर खोचून काट्याशी उभ्या आणि सख्ख्या दिरावर ओरडताहेत, "एवढा भात काऊन टाकला जी तुमी?" बाईंचा उत्साह असा सर्दीसारखा पसरतो. आपण कितीही लांब उभे राहिलो तरी दोन दिवसांनी आपल्यालाही शिंका येतात.

मला त्या शिंका रुपालीमुळे आल्या. रुपाली जंगलातल्या गावाहून काळीपिवळी जीपनं कॉलेजात यायची. तिच्या आईला आदल्या हंगामात मोहफुलं वेचताना अस्वलानं ओरबाडलं होतं. जीव वाचला, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फुलं पहाटे गळतात. उशीर केला तर गुरं आणि हरणं फस्त करतात, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून वेचत राहतात. वाकलेल्या माणसाला मागून काय आलं ते दिसत नाही. रुपालीनं पहिल्या पानावर लिहिलं होतं, "आईला उजाडल्यावर मोहा वेचायला जाता येईल का?" खाली आईचं नाव. बाई ते वाचून घरी आल्या त्या चप्पल न काढता थेट माझ्या शिलाई मशीनपाशी. "वयनी, जाळी! झाडाखाली जाळी बांधायची, छातीएवढी उंच! गुरायचं तोंड पोचत नाई, फुलाले माती लागत नाई, फुलं दिसाले खालचा पालापाचोळा जाळा लागत नाई, अन् बाई उन्हं आल्यावर आरामात येते!"

जाळी कशाची, तर जुन्या मच्छरदाण्यांची. पुढचे पंधरा दिवस आमच्या आळीत मच्छरदाणी सुखरूप राहिली नाही. आमच्या बेडवरची चांगली मच्छरदाणीही गेली आणि माझे यजमान पहाटेपर्यंत टाळ्या वाजवीत भजन केल्यासारखे बसू लागले. बाई, रुपाली आणि वर्गातल्या आणखी दोघी मापं सांगत, मी शिवत असे. खरं सांगते, आयुष्यात ब्लाउजं शेकड्यांनी शिवली, पण असा आनंद कधी झाला नाही.

मार्चअखेर आम्ही गावात गेलो. रुपालीच्या घरच्या मोहाला लागून दुसरा मोह होता, वरच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या. बाईंनी टेप काढला, विस्तार मोजला आणि दोन्ही झाडांखाली एकच भलीमोठी जाळी बांबूला बांधून टाकली. रात्री आम्ही रुपालीच्याच घरी राहिलो. सकाळी पाहतो तर जाळी फुलांनी भरून लोंबत होती! बाईंनी तिथंच उडी मारली, या वयात. तेवढ्यात शेजारच्या मोहाची मालकीण, एक हाडकुळी म्हातारी, टोपली घेऊन आली आणि जाळीकडे पाहतच राहिली.

"यातले माये कोनते अन् तुये कोनते?" तिनं रुपालीच्या आईला विचारलं.

दोन झाडांच्या मधे एक दगड होता. दगडाच्या अलीकडे पडलं ते एकीचं, पलीकडे पडलं ते दुसरीचं, ही आज्यापणज्यांपासूनची रीत. जमिनीवर ती बिनबोभाट चालली होती. आमच्या जाळीनं एका रात्रीत मोडली. म्हातारीनं चिडून आपल्या बाजूची गाठ सोडली आणि सगळी फुलं मातीत पडली. "उद्यापासून पयल्यासारखं," ती म्हणाली. रुपालीची आई डाव्या हातानं फुलं गोळा करू लागली. उद्या ती पुन्हा अंधारात येणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. रुपालीचे डोळे भरून आले.

आणि बाई? बाई चक्क म्हातारीशेजारी मातीत बसल्या आणि टेप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आजी, मी चुकली. झाड मोजलं, दगड मोजलाच नाई. आता तुमीच सांगा कसं करू."

म्हातारीनं आधी तोंड फिरवलं. मग काडी घेतली आणि मातीत रेघ ओढली. "मधात उभी पट्टी शिव. दगडाच्या बराबर वर. फूल इकडचं तिकडं नाई गेलं पायजे." पट्टीला जाड कापड हवं होतं. मी कापड कुठून आणू म्हणेपर्यंत बाईंनी स्वतःच्या साडीचा काठ टर्रकन फाडून माझ्या हातात दिला. माझ्या मुलाच्या लग्नात मीच त्यांना घेतलेली साडी होती! दिवसभर मी हातानं टाके घातले आणि म्हातारी माझ्या डोक्याशी उभी राहून दगड बघ, दगड बघ म्हणत राहिली. प्रकल्पाच्या फाइलीवर मार्गदर्शक म्हणून पुढे तिचंच नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आला तेव्हा दोघी आल्या, आपापल्या बाजूला उभ्या राहिल्या आणि ओंजळीनं फुलं टोपलीत भरू लागल्या. कुणाला वाकावं लागलं नाही. बाईंच्या मोजमापाच्या वहीत त्या सकाळचं पान कोरंच आहे. मी नंतर उघडून पाहिलं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. आता घर फार शांत असतं, कुणी काही मोजत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही. यंदा मार्चमध्ये एकदा उजाडता उजाडता त्यांचा फोन वाजला. मी शेजारीच होते, मला पलीकडचा आवाज ऐकू आला. रुपालीची आई होती.

"मॅडम, मोहा पडून राह्यला जी," ती म्हणाली, "अन् मी अजून घरीच आहो. चहा पिऊन राह्यली."