पूजेतला पाना

खंडेनवमीला आमच्या पेडण्यात लोखंड देव होतं. कोयता, कुदळ, विळी, करवत, हातोडी, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, वर झेंडू आणि कुंकू, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. गाडीही देवच, पण ती चालवलेली चालते. हा भेद कुणी केला आणि कुणाच्या सोयीसाठी, हे मी लहानपणापासून विचारत आले आहे. उत्तर मिळालेलं नाही. मोठ्या माणसांनी माझ्याकडे बघून हसणं मात्र भरपूर मिळालं आहे.

आमच्या पंचायतीने ग्रामसभा नेमकी खंडेनवमीच्या रविवारी ठेवली. हा योगायोग मानणाऱ्यांनी गावात राहूच नये. सगळा गाव गाड्या धूत बसणार, सभेला येणार कोण? पुरेशी माणसं जमली नाहीत की थोडं थांबायचं आणि मग आहेत तेवढ्यांच्या माना हलवून घ्यायच्या. हलवायच्या होत्या त्या आतेच्या शेताशेजारची जमीन भरण्यासाठी. हरमलच्या किनाऱ्यावर आता पर्यटकांच्या खोल्या मावत नाहीत, म्हणून त्या आमच्या भातात येणार होत्या. भराव पडला की मधला व्हाळ, म्हणजे ओढा, बुजणार आणि त्याचं सगळं पाणी आतेच्या शेतात तुंबणार.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवऱ्यामागे ते शेत तिने एकटीने सांभाळलं. हरकत घ्यायची तर तिनेच उभं राहून घ्यायला हवी होती. पण पंचायत वर सड्याच्या पठारावर, आतेचे गुडघे कामातून गेलेले, आणि रविवारी बस नाही. तिला मोटरसायकलवरून न्यायचं असं ठरलं होतं.

सकाळी बाहेर आले तर बाबांनी मोटरसायकल धुतलेली. धुतलेली म्हणजे नळी लावून बुडवलेली. हँडलला झेंडूची जाड माळ, दिव्यावर कुंकवाचा टिळा, चाकाखाली लिंबू. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

आमच्या गावात बंद पडलेली गाडी मेलेल्या गुरासारखी असते. घारी लगेच घिरट्या घालू लागतात. पहिले आले शेजारचे निवृत्त मास्तर.

"टाकीचा झाकण उघड आणि फुंक मार."

"कशासाठी?"

"वारो जावक होयो."

मग किनाऱ्यावर शॅक चालवणारा शेजारी आला, केस रंगवलेला, गळ्यात गॉगल. "चोक वड गो, चोक. बायलमनशाच्या किकेन ही गाडी चालू जावची नाय." आणि मला बाजूला सारून त्याने चोक ओढून स्वतःच किका मारायला घेतल्या. घामाने शर्ट भिजेपर्यंत मारल्या. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

मी तोवर प्लगची टोपी हाताने उपसून काढली. तिच्यातून चक्क पाणी ओघळलं. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून पिशवीतलं पत्रक घेतलं. भरावाविरुद्ध मीच लिहून छापून घेतलेलं पत्रक. गावात त्याचा झालेला हा पहिला उपयोग. टोपी कोरडी केली, बसवली, किक मारली, तरी नाही. शॅकवाल्याच्या पराक्रमाने आता प्लग आतून पेट्रोलने भिजला होता. तो बाहेर काढून पुसायला हवा होता, आणि त्यासाठी प्लगचा पाना लागतो.

पाना गाडीच्या बाजूच्या झाकणात नव्हता. तो आत पाटावर, कोयता आणि विळीच्या मधोमध, फुलांखाली निजला होता.

"बाबा, पाना द्या."

"पूजेत आसा."

"ठाऊक आहे. द्या."

"उद्या उत्तरपूजा झाल्यार घे."

आमच्या घरी पाळण्यापेक्षा पत्रकं आधी आली, असं आई म्हणायची. खाणी, भाषा, जमीन, कुळं, प्रत्येक चळवळीची पत्रकं बाबा सायकलवरून वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'अंधश्रद्धा हे गुलामीचं दुसरं नाव' हे वाक्य मला बाबांनीच पाठ करून घेतलं होतं. तेच बाबा आता देवघराच्या दारात आडवे उभे होते, एका पान्याचं रक्षण करत.

मी शेजारी विचारलं. मास्तरांकडे पाना होता, पूजेत. शॅकवाल्याकडे दोन होते, दोन्ही पूजेत. सल्ला मात्र कुणीच पूजेत मांडला नव्हता, तो सगळे मोकळ्या हाताने देत होते. गाडी वाकडी कर. सरळ कर. देवाक नारळ सांग.

आते पायरीवर बसून हे सगळं बघत होती. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात काठी. एवढ्या वेळात ती एकच वाक्य बोलली, तेही भावाला.

"तुझो पानो ऱ्हवांदे. माझा शेत बुडलां तरी पानो सुको ऱ्हवाक होयो."

बाबांनी मान खाली घातली. पण दार सोडलं नाही.

शेवटी मी गाडी रस्त्यावर काढली. आमच्या दारापासून खाली लांब उतार आहे. दुसरा गियर टाकला, क्लच दाबला, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि स्वतःला सोडून दिलं. अर्ध्या उतारावर क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला, काळा धूर ओकला आणि पेटली. वर वळून आले तर शॅकवाला मास्तरांना सांगत होता, "माझ्याच किकांनी मोकळी झाली ती." इंजिन बंद न करता आतेला मागे बसवलं आणि निघाले.

सभा बसली होती. खुर्च्यांपेक्षा माणसं कमी. वाटेत आम्हाला मागे टाकून मास्तर आणि शॅकवाला त्याच्या मोटारीतून पोचलेसुद्धा होते. मोटारीत जागा होती, पण ती आम्हाला द्यावी असं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सरपंचांनी ठराव वाचला होता. सचिव लिहायला घेणार तोच मी उठले, पत्रक काढलं आणि पहिला मुद्दा सुरू केला.

"तुझा झाल्यार बस गो बाय," सरपंच म्हणाले. लोक हसले. मास्तरही हसले.

मग आते काठीवर उठली. तिने जमिनीचं नाव काढलं नाही, व्हाळाचंही नाही. काठीने समोरच्या मेजाकडे दाखवलं. मेजावर सरस्वतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे पंचायतीची पेनं, शिक्का आणि स्टेपलर, सगळ्यांवर झेंडू आणि कुंकू.

"ही पूजा कोणी केली?"

"मी," सरपंच अभिमानाने म्हणाले. "सकाळीं."

"मगे ह्यो तुझो सचिव लिवता कशान?"

सचिवाने खिशातलं पेन काढलं होतं. तो थबकला.

"आते, पेन म्हणजे काय हत्यार न्हय," सरपंच म्हणाले.

"मगे ती थंय कित्याक निजवल्यात?" आतेने वळून मास्तरांकडे बघितलं. "सकाळीं माझ्या भाचयेक एक पानो मिळूक नाय. पूजेत म्हणान. आता पेन उचलतास आणि शिक्को पण उचलतलास? उचला. सगळ्यांच्या देखत उचला."

सरपंचांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना सकाळचं स्वतःचं उत्तर आठवलं असावं. ते खाकरून म्हणाले, "तसां बघूक गेल्यार, शिक्को आज उचलपाक जावचो नाय."

ठराव पुढच्या ग्रामसभेवर गेला. व्हाळ, पाणी, कायदा, यांपैकी एकाही शब्दाने ते झालं नाही. माझ्या पत्रकात सगळे मुद्दे होते, आणि ते ज्या मूर्खपणापुढे टिकले नाहीत तोच मूर्खपणा आतेने उचलून त्यांच्या कपाळात घातला. मला आनंद झाला, हे नाकारत नाही. पत्रक मात्र मी न वाचताच पिशवीत परत ठेवलं.

बाहेर आलो. गाडी पुन्हा मुकी. शॅकवाला लगेच हजर, "चोक वड, चोक."

"बस मागे," मी आतेला म्हटलं. घराकडे सगळा उतारच होता. इंजिनाची गरज नव्हती.

आम्ही आवाज न करता खाली घरंगळत आलो. वळणावर, आतेच्या शेताच्या कडेला, भरावासाठी आणलेली जेसीबी उभी होती. तिच्या दातांनाही झेंडूची माळ घातली होती. आतेने तिच्याकडे बघितलं.

"उद्या उत्तरपूजा," ती म्हणाली.

"हं."

"म्हणजे उद्या ते हिका उचलतले, ठराव नाय झालो तरी."

मग माझ्या खांद्यावरची पकड घट्ट करत म्हणाली, "आमचो पण पानो उद्याच सुटता मगे?"