नातवाची दुपारची झोप आणि आईचं शिलाई मशीन

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचा आठ महिन्यांचा चिकू चक्क दीड तास झोपला!

चार दिवसांपासून तो दिवसा डोळाच मिटत नव्हता. सून रडकुंडीला आली होती. सोमवारपासून तिचं ऑफिस सुरू. "मम्मीजी, हा काहून झोपत नाही? सांभाळणाऱ्या दीदीजवळ कसा राहील?"

मी पडदे ओढले, टीव्ही बंद केला, कॉन्व्हेंटच्या सिस्टरसारखं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

"आता मी शिंकायचं पण नाही काय?" आमचे हे कुरकुरले. तरी चमचा पडला की चिकू जागा!

माझी ही सवय एकाहत्तरच्या लढाईतली. बाबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. "हळू बोला, बाबा झोपून राहिले," आई दटावायची.

आज एकदम लक्षात आलं, ती शांतता बाबांसाठी होती, बाळासाठी नव्हती! तान्ह्या भावाला आई मागच्या पडवीत पाळण्यात ठेवायची, दार लोटून शेजारी मशीनवर शिवत बसायची. त्या खडखडाटात तो गाढ झोपायचा.

मी आईचं तेच मशीन उघडलं आणि जुन्या चादरीला टीप घालू लागले. दहा मिनिटांत चिकू झोपला. वळून पाहते तर सोफ्यावर सूनही झोपलेली.

चादर संपली, पण थांबायची हिंमत होईना. मी नुसतंच मशीन चालवत राहिले.

तुमची बाळं कशाच्या आवाजात झोपायची हो?