दोन हात बांध

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, आणि आमच्या ह्यांनी काय घेतलं? नाव! चिकलठाण्याच्या कंपनीत हयात घालवलेला माणूस, म्हणे आता स्वतःच्या इंजिनाच्या नावेतून गंगा उतरायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. म्हटलं, घ्या बाई, पिण्यापुरतं नाय तर बुडण्यापुरतं तरी मिळंल.

त्यात माझ्या काकाला हुक्की आली. तो कायमचा पुण्याला पोराकडं चालला होता, आणि त्याआधी त्याला धरणात गेलेलं आमचं गाव जिथं होतं तिथवर जायचं होतं. हे कळलं तसे माझे वडील, आबा, काठी घेऊन हजर. दोघं सख्खे भाऊ, पण वावराच्या एका बांधावरून माझ्या जन्माआधीपासून अबोला. "मी मेलो तरी त्यानं खांदा द्यायचा नाय," हे आबा सणासुदीलाही न चुकता ऐकवायचे. मला त्याचीच धास्ती होती. काका एकदा पुण्याला गेला की हे असंच राहणार.

"तुम्ही कशाला येता?" मी आबांना विचारलं.

"तो माझ्या वावरातून नाव घालंल. कोणी बघाया नको?"

घ्या! वावर कवाच पाण्याखाली गेलं, अन् आबांची राखण चालूच.

वैजापूरच्या बाजूनं निघालो. नावेच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला काका, आणि मधे निरोप पोचवणारं टपालखातं मी. पुढं नदी धरणाच्या पाण्यात पसरली. पाण्याबाहेर देवळाचं शिखर दिसलं तसं काका म्हणाला, "इथं बांध होता."

"इथं? त्या चिंचेपाशी होता!" आबा उसळले.

कुठली चिंच? चहूकडं नुसतं पाणी! तरी ह्यांनी मुकाट्यानं तिकडं नाव वळवली.

"तूच कोरलास बांध, माझ्या वावरात घुसायला!"

"व्हय, कोरला! हातभर!"

आबांना जन्मभर पुरलेलं भांडण काकानं असं फुकटात संपवलं.

"दोन हात," आबा पुटपुटले.

"बरं, दोन हात. घे परत." काकानं ओंजळभर पाणी त्यांच्या अंगावर उडवलं. मला रडू फुटलं. ह्यांना मात्र पेट्रोलची काळजी.

काठाला लागलो तर काकाच्यानं उठवेना. मी हात देणार तोच आबा चिखलात उतरले, त्याच्यापुढं वाकले आणि खेकसले, "धर खांदा. अन् माझ्या वेळंला पुण्याहून लवकर निघ. मी काय तुझ्यासाठी थांबत नसतो."