सासूच्या अंगाची ऊब

कमी वजनाची बाळं दवाखान्यातून सुटली की त्यांच्या घरी जाणं हे माझं काम. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं की ते तगतं, हे ठिकठिकाणी तपासून सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे सांगताना मला कधी शंका आली नाही. माझ्या सांगण्याच्या रीतीबद्दल ती यायला हवी होती.

भातकुलीजवळ भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरी मी बाळंतिणीला ओसरीवर बोलावलं आणि सासऱ्यांच्या देखत ब्लाउज काढण्यापासून सगळं समजावलं. ती पदर ओढून आत गेली. सासरे गाईकडे निघून गेले. पुढच्या खेपेला दार उघडलं नाही, आतून बाळाचं दमलेलं रडणं मात्र ऐकू आलं. वजन उतरतंय, पुन्हा अमरावतीला न्यावं लागेल, असं गावातलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या. लाजवलं मी होतं, भोगत बाळ होतं.

मग आशाताईंना सोबत नेलं. त्या आत गेल्या, मी पायरीवर बसलो. सासूबाई बाहेर आल्या.

"काहून भाऊ, आता काय सांगाले आले?"

"माफी मागायला, ताई. तसं बोलायला नको होतं. पण बाळाला अंगाची ऊब हवीच."

"सून थकून झोपते, पोरगं पाळण्यात गार पडते. मंग मी घेतलं त चालते का? का सासूची ऊब तुमच्या पुस्तकात बसत नाही?"

बसत होती. आई थकली तर घरातलं कुणीही, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी ते एकाही घरी सांगितलं नव्हतं.

"चालते. मधे कपडा नको, आणि नाक मोकळं ठेवा."

"मले नका शिकवू. चार पोरं वाढवली म्या."

"तरी ऐका."

"बोला मंग."

मी सांगितलं, सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळानं आतून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, पोरगा तुमालेच माय समजन!"

"समजू दे. तुले झोप त भेटन."

पुढे दोघींनी पाळ्या लावून घेतल्या. नंतरच्या एका खेपेला आशाताईंनी वजन केलं आणि आतूनच ओरडल्या, "वाढलं!"

ओसरीवर सासरे माझ्याशेजारी येऊन बसले. गाईकडे बघतच म्हणाले, "पोराचा बाप मंडीतून येते अन् नुसता पाहत बसते. त्याले देल्लं त चालते का?"

"चालतं," मी म्हणालो. "आधी आंघोळ करायला सांगा."