दिवा बंद असताना

बोलण्याआधी हवालदार छातीवरच्या कॅमेऱ्याला बोट लावायचे. लाल दिवा लागला की म्हणायचे, "चालू हाय. आता बोला."

कोपरगावात माझं वर्द्या शिवायचं दुकान आहे. पोलिसांना हे कॅमेरे मिळाले तेव्हा हवालदारांच्या सदऱ्यावर कॅमेऱ्याची पट्टी मीच शिवली. बाजारात ते समोर आले की भाजीवाल्या पदर सारखा करायच्या. भांडायला आलेल्यांनाही ते अहो-जाहो करू लागले होते. तुम्हीही असा एखादा पोलीस पाहिला असेल. बदल यंत्राचा की माणसाचा, काही कळत नाही.

एकदा मी थट्टेनं म्हणालो, कॅमेऱ्यानं तुम्हाला पार साधू करून टाकलं. ते हसले नाहीत. कॅमेरे नव्हते तेव्हा मोटारसायकल चोरल्याच्या संशयावरून त्यांनी एका माणसाच्या कानाखाली मारली होती. गाडी नंतर भलतीकडेच सापडली. त्या माणसाचा डावा कान मात्र कायमचा गेला.

"तवा ह्यो असता, तर हात उचलला नसता," ते म्हणाले. या एका वाक्याच्या आधारावर त्यांना झोप लागत असावी.

मग एका बाजारच्या दिवशी कुणा दारुड्यानं त्यांची कॉलर धरली, आईवरून शिवी दिली. फाटका सदरा घेऊन ते दुकानात आले. मी विचारलं, मारलंत का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"दिवा बंद हुता, तरी हात थांबला," ते हळूच म्हणाले. "मंग तवा का न्हाई थांबला?"

मी खाली बघून शिलाई घालत राहिलो.

पुढे ते साध्या कपड्यांत कान गेलेल्या त्या माणसाच्या वस्तीवर गेले. पाया पडायला वाकले, तर त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. हे सांगताना हवालदारांनी स्वतःचेच कान झाकून दाखवले. तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं. निवृत्तीनंतर त्यांनी वर्षही काढलं नाही.

दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर पुष्कळ पोलीस जमले होते. असा शांत माणूस होणे नाही, जो तो म्हणत होता. मागं लिंबाखाली एक अनोळखी माणूस एकटाच उभा होता. जवळ जाऊन मी विचारलं, आपण कुठले?

त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.