टाईमटेबलरावांची मान

कंडक्टरबाईंनी नवऱ्याचा चेहरा जेवढा पाहिला असेल, त्याच्या कितीतरी पट त्याची मान पाहिली होती. रुंद, उन्हाने रापलेली, उजव्या कानाखाली तीळ असलेली मान. मोठ्या रस्त्यावरच्या जलद बसवर दोघांनी मिळून उभी नोकरी काढली. हे पुढे स्टिअरिंगवर, या मागे तिकिटं फाडत. लग्न नोकरीतच जमलं, आणि जमलं म्हणजे काय, तर एका शेवटच्या थांब्यावर त्यांनी मान न वळवताच विचारलं, “काय मग, करायचं का?” बाईंनी दोरी दोनदा ओढली. दोन घंटा म्हणजे चला.

बाई बी.ए. होत्या. बरोबरच्या मुली बँकेत नाहीतर शाळेत चिकटल्या. बाईंना बसून करायचं कामच नको होतं. थोरल्या बहिणीला ही नोकरी आधीच रुचली नव्हती, त्यात हा नवरा. थोरलीचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं आणि जीभ त्याच दुकानातली, कडू आणि मोजून मापून. ती म्हणाली, “एवढं शिकलीस ते कशाला? जन्मभर त्याची मान बघायला?” बाई उठून निघून आल्या. त्यानंतर दोघी बहिणी बोलल्या त्या फक्त कोणी जन्मलं किंवा गेलं तर, आणि त्याही फोनवर.

डेपोत नवऱ्याचं नाव टाईमटेबलराव पडलं होतं, कारण त्यांची बस फाटकातून आत शिरली की लोक घड्याळं लावून घेत. याच एका गोष्टीचा बाईंना गर्व होता. बाकी माणूस हट्टी, घोरणारा, भाजीत मीठ कमी असलं तरी न सांगता उठून मीठ घेणारा. पण वेळेचा पक्का. तर हा वेळेचा पक्का माणूस रिटायर झाला आणि त्याने मनगटावरचं घड्याळ काढून मोज्यांच्या खणात टाकलं.

मग त्यांनी मोटारहोम घेतलं. म्हणजे एक जुनी लांबलचक गाडी, मागे दोघांना झोपायला फळी, एक शेगडी, एक बेसिन, आणि न्हाणीघर म्हणून एक कपाट, ज्यात बाई शिरल्या की कोपर बाहेर ठेवावं लागे. आणि एक प्रतिज्ञा: यापुढे हायवेला चाक लावायचं नाही. “जन्मभर तो करडा पट्टा गिळला,” ते म्हणाले. “आता पोट भरलं. आता आडरस्त्याने जायचं. झाडं, तळी, वळणं. घाई कसली?”

बाईंना घाई होती. बाईंना जन्मतःच घाई होती, त्याला कोण काय करणार. तरी दोन सहली त्यांनी काढल्या. पहिल्या सहलीत एका सुंदर तळ्याकाठी चाक रुतलं. दुसऱ्या सहलीत एका सुंदर जंगलात वाट चुकून ते निघाले होते त्याच गावात परत आले, आणि टाईमटेबलराव म्हणाले, “या बाजूने गाव किती वेगळं दिसतं नाही?”

अशात थोरलीचा फोन आला. ती दुकान विकून, घर रिकामं करून समुद्रापार मुलीकडे राहायला चालली होती, कायमची. “रविवारी दुपारी टॅक्सी येणार आहे,” ती म्हणाली. “यायचं तर त्याआधी ये. त्यालाही आण.” आणि वर, “वेळेवर याल ना?”

त्या शेवटच्या तीन शब्दांनी बाईंची झोप उडवली. बहिणीला भेटायचं होतंच. या वयात समुद्रापार गेलेलं माणूस पुन्हा दिसेल याचा भरवसा कोण देणार. पण त्याहून जास्त, एकदा तरी थोरलीच्या दारात या माणसाला धुतलेल्या शर्टात, सांगितलेल्या वेळेच्या आधी उभं करायचं होतं. बघ म्हणावं. ही मान नाही, माणूस आहे.

“हायवेने गेलो तर एका सकाळचं काम आहे,” बाई म्हणाल्या.

“आडरस्त्याने गेलो तरी रविवारच्या आत पोचतो. गुरुवारी निघू. वाटेत बघण्यासारखं फार आहे.”

“मला फक्त ताईला बघायचंय.”

“ती आहेच की शेवटी,” टाईमटेबलराव म्हणाले, आणि नकाशाची घडी उलगडली.

गुरुवारी निघाले. बाई नेहमीप्रमाणे मागे बसल्या, खिडकीजवळच्या टेबलाशी. पुढची शेजारची सीट रिकामी नसायचीच. तिथे नकाशे, दुर्बीण, टोपी आणि थर्मास बसत. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही पुढे बसायचं सुचत नसे. बसमध्ये आपली जागा मागे, हे अंगात इतकं भिनलं होतं. ते समोर बघत मोठ्याने बोलत, या मागून उत्तर देत. सवयीही सगळ्या त्याच. गाडी मागे घ्यायची तर बाईंनी खाली उतरायचं, मागच्या पत्र्यावर थाप मारायची. एक थाप थांबा, दोन चला, तीन मागे घ्या. कंडक्टरच्या इशाऱ्याशिवाय टाईमटेबलरावांनी कधी गाडी मागे घेतली नव्हती आणि स्वतः मान वळवून मागे काही पाहिलं नव्हतं. मागचं बघायला माणूस नेमलेला आहे, मग कशाला बघायचं, असा त्यांचा हिशोब.

शुक्रवार एक जुना पूल पाहण्यात गेला. शनिवारी वाटेत मेंढरं आली आणि टाईमटेबलरावांनी इंजिन बंद करून सगळा कळप जाऊ दिला. मग शेवटचं एक लंगडं मेंढरू मागे राहिलं होतं, त्याच्यासाठीही थांबले. बाई दातांवर दात ठेवून बसल्या. रविवारी उजाडताच त्यांनी स्वतः चहा केला, शर्ट स्वतः खिडकीला टांगला, आणि म्हणाल्या, “आज कुठेही थांबायचं नाही. पूल नाही, तळं नाही, मेंढरू नाही.”

“बरं,” टाईमटेबलराव म्हणाले. आणि पहिल्याच फाट्याला, नकाशात बारीक रेघ होती म्हणून, गाडी आत घातली.

रेघ बारीक होती कारण रस्ताही तसाच होता. पुढे तो एका शेताच्या फाटकाशी संपला. फाटकाशेजारी एक बाई शेळ्या घेऊन उभी होती आणि एवढी मोठी गाडी इथे कशाला आली असेल ते शांतपणे पाहत होती. वळायला जागा नव्हती. कंडक्टरबाई उतरल्या, मागे गेल्या, तीन थापा मारल्या. गाडी मागे आली. कुंपण जवळ आलं, एक थाप. पुन्हा तीन, पुन्हा एक. असं करत करत गाडीचं तोंड एकदाचं रस्त्याकडे झालं. बाईंनी घाम पुसला, गाडी सरळ आहे ना ते डोळ्यांनी मापलं, आणि जन्मभराच्या सवयीने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

दोन म्हणजे चला. टाईमटेबलराव चालले.

बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. गाडीची मागची पाटी, तिच्यावरचा चिखल, वळणावरचं झाड, आणि मग नुसती धूळ. हाक मारायचंही सुचलं नाही. मारून उपयोगही नव्हता. तो माणूस हाकेवर थांबत नाही, घंटेवर थांबतो.

“गेले की,” शेळीवाली म्हणाली.

“येतील परत.”

“तुमचंच माणूस ना?”

“माझंच.”

फोन गाडीत, पर्स गाडीत, चष्मा नशिबाने नाकावर. बाई फाटकाच्या दगडावर बसल्या. आपण स्वतःच थापा मारल्या, म्हणजे रागवायचं तर अर्धं स्वतःवर. आणि अर्धा राग हा फार अडचणीचा असतो, धड काढता येत नाही. डेपोचा नियम त्यांना पाठ होता. कंडक्टर मागे राहिला तर त्याने जागा सोडायची नाही, ड्रायव्हर तिथेच परत येईल. त्या बसल्या. शेळ्यांनी त्यांच्या पदराची चव घेऊन पाहिली. सूर्य वर चढला. गाडी आली नाही.

“इथून मोठा रस्ता किती लांब?” शेवटी बाईंनी विचारलं.

“मोठा रस्ता?” शेळीवालीने हातातली काठी नुसती उचलली. “हा काय, टेकडीमागे. आवाज येत नाही का?”

बाईंनी कान दिला. येत होता. ट्रकांची ती ओळखीची घरघर. म्हणजे गुरुवारपासून हा माणूस ज्या रस्त्यापासून पळतोय, त्याच्याच कडेकडेने यांची वरात वळणं घेत चालली होती.

बाई उठल्या. थांबावं तर नियम पाळला जाईल, दोघं मिळून जाऊ, आणि ताई गेलेली असेल. जावं तर ताई भेटेल, पण नवरा न घेता. म्हणजे तिचंच खरं. टेकडी चढेपर्यंत हे दोन्ही विचार त्यांच्याबरोबर चढले. निघताना त्यांनी शेळीवालीला सांगितलं, “ते आले तर सांगा, कंडक्टर मोठ्या रस्त्याने पुढे गेली.”

“भांडून गेली म्हणून सांगू?”

“अजून नाही म्हणावं.”

हायवेच्या कडेला उभं राहून बाईंनी हात केला, तळवा खाली, हवेत सपाट फिरवून, स्टाफचे लोक एकमेकांना करतात तसा. जलद बस थांबा नसताना थांबली. दारात एक तरुण कंडक्टर पोरगी.

“आजी, इथे थांबा नाहीये.”

“मला माहीत आहे. हा थांबा मीच बंद करायला लावला होता. रिटायर्ड स्टाफ आहे, पास गाडीत राहिला, गाडी नवऱ्याकडे राहिली. बसू का?”

पोरीने पुढच्या सीटवरची आपली पिशवी उचलली. बाई खिडकीशी बसल्या. बस सुसाट निघाली. काय तो रस्ता, काय तो वेग; ना वळण, ना मेंढरू. बाईंना इतकं बरं वाटलं की थोडी लाजही वाटली.

थोरलीने दार उघडलं. घर रिकामं होतं. भिंतींवर जिथे कपाटं होती तिथे फिकट चौकोन उरले होते. तिने बाईंच्या मागे पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं.

“एकटीच?”

“हो.”

“आणि तो?”

“येतायत. निसर्ग बघत.”

दोघी सुटकेसांवर बसल्या, कारण खुर्च्या गेल्या होत्या. थोरलीची बोटं वाकडी झाली होती. बाई तिथे बघत राहिल्या, तर तिने हात मांडीखाली घेतला. बांधाबांधीतून उरलेल्या दोन पेल्यांत चहा ओतला होता. बाईंनी बसमध्ये एक सभ्यशी थाप तयार केली होती, टायर पंक्चर झाल्याची. ती ऐनवेळी नको वाटली. त्यांनी सगळं सांगितलं. पूल, मेंढरू, फाटक, दोन थापा.

“तू म्हणाली होतीस, जन्मभर त्याची मान बघशील,” बाई म्हणाल्या. “आज मानसुद्धा नाही. गाडीची मागची पाटी बघितली.”

थोरलीने तोंड मिटून धरलं, पण ते जमेना. ती हसली, आणि हसता हसता सुटकेसवरून घसरली, आणि तिला उठवताना बाईही हसल्या. एवढ्या वर्षांनी दोघींचे हात एकमेकींच्या हातांत आले ते असे, एकीला जमिनीवरून उचलताना.

“वाईट बोलले होते मी,” थोरली धापा टाकत म्हणाली.

“वाईट नाही. खरं बोललीस. तेच तर सोसलं नाही.”

टॅक्सी आली, सामान चढलं, थोरली आत बसली. आणि निघणार एवढ्यात समोरून, गल्लीचं तोंड अडवत, चिखलाने माखलेलं मोटारहोम आत शिरलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. गाडी थांबली. खिडकीतून टाईमटेबलरावांचं तोंड बाहेर आलं, शर्ट धुतलेला, बटणं एक घर चुकून लावलेली.

“तुला मागे ठेवून गेलो,” ते म्हणाले.

“माझ्या लक्षात आलं,” बाई म्हणाल्या. “तुमच्या केव्हा आलं?”

“तळ्यावर. मी विचारलं, इकडे वळू का? तू काही बोलली नाहीस. विचारलं, घटकाभर थांबू का? तरी नाही. मला वाटलं, तुला आवडायला लागलं.”

बाई पायरीवर बसल्या आणि कपाळाला हात लावला.

“गाडी मागे घ्या हो,” टॅक्सीवाला ओरडला. “विमान आहे यांचं.”

टाईमटेबलराव हलले नाहीत. कंडक्टर मागे नाही, गाडी मागे कशी घेणार? त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पायरीवरून उठल्या नाहीत. आज नाही म्हणजे नाही.

थोरलीने टॅक्सीचं दार उघडलं, उतरली, साडी सावरत मोटारहोमच्या मागे गेली. “मागे घ्यायला किती गं?” तिने तिकडूनच विचारलं.

“तीन.”

वाकड्या बोटांच्या तीन थापा पडल्या. टाईमटेबलरावांनी मान सरळ केली आणि मेहुणीच्या हुकमाने गाडी मागे घेतली, भिंतीपासून वीतभर राखून, एका दमात, कुठेही न घासता. एक थाप. गाडी जागच्या जागी उभी.

“चांगली चालवतो,” थोरली टॅक्सीत बसताना म्हणाली. “आणि कानाखाली तीळ आहे त्याच्या. पत्र लिही. नाहीतर फोन कर. रोज नको करूस.”

टॅक्सी वळून दिसेनाशी झाल्यावर बाईंनी मोटारहोमचं पुढचं दार उघडलं. नकाशे, दुर्बीण, टोपी, थर्मास उचलून मागे टाकले आणि त्या सीटवर बसल्या. टाईमटेबलरावांनी जरा दचकून पाहिलं.

“परत हायवेने,” बाई म्हणाल्या.

“हायवेनेच.”

“फाटा दिसला तरी.”

“फाटा दिसला तरी.”

पहिल्या फाट्याला गाडीचा वेग कमी झाला. बाईंनी बाजूला पाहिलं. आता त्यांना नवऱ्याचा चेहरा नीट दिसत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि त्यावर एका अशा माणसाचा आनंद होता ज्याला बारीक रेघ दिसली आहे आणि आपलंच बरोबर आहे याची खात्री आहे. या चेहऱ्यासमोर वाद घालणं किती अवघड असतं ते त्यांना आज कळलं.

मानच बरी होती, बाईंनी मनाशी म्हटलं, आणि खिडकीची काच खाली केली, कारण आतल्या रस्त्यावर आता झाडं सुरू झाली होती.